सुमित्राचं बसणं

तलावावरची बाग कोणी अडवली होती, असं आमच्या गावात कोणालाही विचारा. सुमित्राबाईनं, असंच उत्तर येईल. बाई सांगेल तर हसून सांगेल, गडी सांगेल तर तोंड वाकडं करून. लाल खुर्चीची गोष्टही सांगतील. पण ती खुर्ची डोक्यावर घेऊन कायले गेली, हे कोणी नीट सांगत नाही. सुमित्रा माझी लहानी जाऊ. तिच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एक. म्हणून मीच लिहिते. शाळा माझी चौथीपर्यंतची, तेवढ्यात बसेल तेवढं.

सुमित्रा आयुष्यभर खाली बसली. शहरातली बाई म्हणेल, त्यात काय, सगळेच बसतात. सगळे नाही बसत. आमच्या अंगणात एक बाज होती, अजून आहे. तिच्यावर घरचे गडी बसत. सासू म्हातारी झाल्यावर बसू लागली. घरात कोणी मोठं नसलं तर मीही पायथ्याशी टेकत असे. सुमित्रा मात्र बाजेला शिवायची नाही, कारण घरात तिचा भासरा होता. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर लहान भावाच्या बायकोनं उंच जागी बसायचं नाही, तोंड उघडं ठेवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही आणि त्याचं नाव तर घ्यायचंच नाही. हा भासरा म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव मीही इथं लिहिणार नाही. ज्याला पाहिजे त्यानं तलावावर जाऊन बाकावर वाचावं. त्या बाकाचीच गोष्ट सांगून राहिली.

माणूस वाईट नव्हता. उलट रीत तेच जास्त पाळत. बाहेरून आले की फाटकापाशी थांबून खाकरत, म्हणजे सुमित्रानं पदर ओढून आत जावं. वरून पाऊस पडत असला तरी आधी खाकरणं, मग घर. एकदा त्यांचा घसा बसला होता. घरी कोणी गडी नाही असं पाहून सुमित्रा बाजेवर चढून सुपात तांदूळ निवडत होती. यांनी फाटकात खाकरलं, पण आवाजच निघाला नाही. हे अंगणात आणि सुमित्रा बाजेवर. तिनं सुपासकट उडी मारली. तांदूळ अंगणभर झाले, कोंबड्यांची दिवाळी. हे तोंड फिरवून परत फाटकाबाहेर गेले आणि तिथं उभे राहून नसलेल्या घशानं खाकरू लागले. मी चुलीपाशी पदराचा बोळा तोंडात घालून बसली.

संध्याकाळी सुमित्रा मला म्हणाली, “बाई, तुमच्या घरच्यायच्या गळ्यात घंटी बांधा. बैलाची आहे ना खुंटीले.”

अशी ती. बोलायला पहिल्यापासून धारदार, पण बसायला खाली.

खाली बसणं आणि वाकणं, यातच तिचे गुडघे गेले. आमच्याकडे धानाचा रोवणा म्हणजे चिखलात दिवसभर कंबरेतून वाकायचं. सुमित्रा रोवण्याच्या बायांत पुढं असे, आणि कोणी मागं राहिली की तिच्या नवऱ्यावर गाणं रचत असे. बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, निघालं की शेण, सारवण, चूल, सगळं पुन्हा उकिडवं. तिचा नवरा बकाराम, माझा दीर, गरीब गाय होता. तो गेला. माझे मालकही गेले. तिचा विक्की तिरोड्याला कामाला लागला, तिला म्हणाला, चल आई माझ्याकडे. ती गेली आणि चार दिवसांत परत आली.

“काऊन आली वं?” मी विचारलं.

“तिथं तलाव नाही.”

विक्कीला वाटलं आई सुनेशी भांडली. सुनेशी नव्हती भांडली. तलावाचं खरंच होतं.

आमचा तलाव जुना, मालगुजारांच्या वेळचा. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, उंच, तिच्यावर मोहाची आणि जांभळाची झाडं. घाटाजवळ धुण्याचे दगड होते. गावातल्या बाया तिथं धुणं धुवायला जात. धुणं हे निमित्त. ज्या गोष्टी घरात बोलता येत नव्हत्या त्या तिथं बोलल्या जात, कारण गडी त्या बाजूला येत नसत. मग घरोघरी नळ आले. चांगलंच झालं, मी नळाला नावं ठेवत नाही. पण नळ आला आणि बाईला तलावावर जायचं कारण गेलं. घरचे विचारू लागले, आता कायले जाता? एकेक करून सगळ्या बसल्या घरी. सुमित्रा नाही बसली. दिवस कलला की ती निघायचीच.

“कुठं चालली?”

“तलावावर.”

“कायले?”

“पाणी पाहायले.”

या उत्तरावर कोणाला काही बोलता येत नाही. मीही तिच्यासोबत जाऊ लागली. आम्ही दोघी धुण्याच्या दगडावर बसून पाणी पाहत असू. पुढं तिचे गुडघे असे झाले की दगड तिला खोल पडू लागला. बसली तर उठता येईना. मी ओढायची, मग दोघी पडायच्या बेतात. गोंदियाच्या डाक्टरनं सांगितलं, आजी, खाली बसणं बंद, नेहमी खुर्चीवर बसा. सुमित्रा त्याला म्हणाली, “डाक्टरसाहेब, हे लवकर सांगायले पायजे होतं. घरच्यायले दाखवली असती चिठ्ठी.”

त्यानंतर ती तलावावर येऊन नुसती उभी राही. जांभळाला हात टेकून, थोडा वेळ. मग थकून परत.

त्याच साली पंचायतीनं ठरवलं की पाळीवर बाग करायची. समिती झाली. अध्यक्ष माझा मुलगा हेमेंद्र, त्याचं खताचं दुकान आहे आणि त्याला पुढं पुढं करायची हौस. पाळीवरची बेशरमाची झाडं उपटली, जागा सपाट केली, धुण्याचे दगड मातीखाली गेले. पंचायतीत मोठा नकाशा लावला. फाटक, फिरायचा रस्ता, फवारा, झोपाळे, हातपाय हलवायची लोखंडी यंत्रं. गावाचं नाव माणसापेक्षा उंच अक्षरांत लिहायचं होतं, म्हणजे गावातल्या माणसाला कळेल की तो कुठं उभा आहे. आणि बाकं. नकाशात पाण्याच्या कडेनं बाकांचे चौकोन काढले होते. हे मला आवडलं होतं. सुमित्राला तर फारच.

नमुना म्हणून एक बाक आधी बसवलं. बाकी ग्रामसभेत मंजूर झाल्यावर येणार होती. हेमेंद्र मला म्हणाला, “माय, काकूले घेऊन जा अन् पाहून ये.” हसत होता. मला काही समजलं नाही.

आम्ही गेलो. बाक नेमकं धुण्याच्या दगडांच्या जागी होतं, पाण्याकडे तोंड करून. सिमेंटचं, पाठ टेकायला उंच. सुमित्रानं आधी हातानं चाचपून पाहिलं, जशी बाजारात म्हैस पाहतात. मग बसली. पाय लोंबते सोडले, पाठ टेकवली. एवढ्या वर्षांत मी तिला पाठ टेकून बसलेली पहिल्यांदा पाहिली.

“कोणाले तरी माह्या गुडघ्यायची दया आली वं बाई,” ती म्हणाली. थोड्या वेळानं पाठ हलवून म्हणाली, “पाठीले काय टोचते? अक्षरं आहेत का?”

“आहेत.”

“वाचा ना.” तिला अक्षर येत नाही.

मी वाकून वाचलं. आधी स्वर्गीय असं होतं. त्यापुढं मी मनातच वाचलं.

“वाचा ना, का विसरल्या वाचणं?”

“वाचलं मी.”

“मंग सांगा.”

“मले घेता येत नाही ते नाव.”

सुमित्रानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. एरवी तिला उठवायला माझा हात लागतो. त्या दिवशी लागला नाही. पदर डोक्यावरून पुढं आला आणि ती बाकासमोर उभी. फाटकात कोणी खाकरलं असतं तर अशीच उठली असती.

आम्ही परत निघालो. घराजवळ येऊन ती म्हणाली, “जिवंत होते तेव्हा बाज त्यायची. आता तलाव भी त्यायचाच.”

“माह्या मालकाबद्दल बोलून राहिली तू.”

“मंग? खोटं आहे?”

“नाही,” मी म्हणाली.

हेमेंद्र दुकानातून आला तेव्हा ती अंगणात त्याची वाट पाहत उभी होती. तो खुशीत. त्याला वाटलं, बापाचं नाव पाहून दोघी रडल्या असतील.

“काय काकू, कसं वाटलं बाक?”

“नाव काढ त्याच्यावरचं.”

“काऊन?”

“मले बसायचं आहे.”

“मंग बस ना. कोण मना करते? बाबा आता थोडीच पाहून राहिले.”

“त्यायनं मले जिवंतपणीही पाहिलं नाही अन् मी त्यायले नाही. दोघायनंही जन्मभर नियम पाळला. आता त्यायच्या नावाले पाठ घासू का?”

“कोणत्या जमान्यातली गोष्ट करते काकू तू. असं काही नसते आता.”

“तुह्या तोंडात नसंल. माह्या अंगात आहे. मी काय मुद्दाम उठली का बाकावरून? अंगच उठलं. लग्न होऊन आली तशी या अंगाले शिकवलं तुमच्या घरानं, आता ते एका दिवसात विसरंल का?” मग तिनं विचारलं, “बाकीच्या बाकांवर काय लिहिणार आहे?”

“जो बाक देईल त्याच्या वडलाचं नाव. त्यासाठीच तर लोक देऊन राहिले.”

सुमित्रा हसली, पण हसण्यात हसू नव्हतं. “म्हणजे गावातले सगळे सासरे अन् भासरे उठवून पाळीवर बसवून राहिला तू. सुनांनी कुठं बसावं?”

“गवत लावणार आहे ना. मऊ, मस्त.”

“म्हणजे खालीच.”

हेमेंद्र आत गेला. मला म्हणाला, “माय, समजाव तिले.” मी म्हटलं, मी काय समजावू, मीही कुठं बसली त्याच्यावर. त्याला हे सुचलंच नव्हतं. आपल्या आईला बाक दाखवायला पाठवलं आणि आई बसली का, हे विचारलं नाही त्यानं. तसा पोरगा चांगला आहे माझा. आईनं म्हटलंच पाहिजे म्हणून म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर सुमित्रानं घरातली लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली, उलटी करून डोक्यावर ठेवली आणि निघाली. मधल्या रस्त्यानं, पंचायतीसमोरून, पानठेल्यासमोरून. ठेल्यावर गडी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते, त्यांचे हात थांबले. पाळीवर जाऊन तिनं खुर्ची बाकाच्या बाजूला ठेवली, एका रेषेत, आणि पाण्याकडे तोंड करून बसली.

तिसऱ्या दिवशी सरपंच केशोराव आला. गावाच्या नात्यानं तो आमचा दीर लागतो, म्हणून त्याची थट्टा चालते.

“का वहिनी, कोणाचं लगन आहे? खुर्च्या येऊन राहिल्या.”

“लगन नाही भाऊजी, बसणं आहे.”

“बाजूले एवढं मजबूत बाक आहे, अन् प्लास्टिकवर बसता?”

“त्या बाकावर माणूस बसून आहे.”

केशोरावनं बाकाकडे पाहिलं. बाक रिकामं होतं. मग त्याला अक्षरं दिसली आणि त्याची थट्टा आटली. “तुमच्या पुतण्याची फजिती होऊन राहिली,” तो म्हणाला.

“पुतण्याले म्हणा, काकू उभी राहत होती तेव्हा कोणाची होत होती?”

चौथ्या दिवशी मीही माझी खुर्ची नेली. डोक्यावर नाही जमली मला, हातात धरून नेली. हेमेंद्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवला मात्र. मग आणखी दोघीतिघी आल्या, कोणी खुर्ची घेऊन, कोणी लाकडी स्टूल घेऊन. एकीनं दूध काढायचा पाट आणला, त्याला शेण लागलेलं होतं. बाकाच्या बाजूला आमची अशी ओळ लागली की बघणाऱ्याला वाटावं दुकान मांडलं आहे. पाण्यात कमळं होती, धीवरांची मासे धरायची डोंगी होती, आणि कितीतरी दिवसांनी तिथं पुन्हा बायांचा आवाज होता.

समितीला ते पटलं नाही. बागेची शोभा जाते म्हणाले. बाहेरचं सामान बागेत आणू नये, असा बोर्ड लावायचं ठरू लागलं. रुची, म्हणजे हेमेंद्रची बायको, तिनं हे सुमित्राला हळूच सांगितलं. सुमित्रा म्हणाली, “सांग तुह्या नवऱ्याले, खुर्ची बंद केली तर बाज आणीन. चौघी उचलून आणू. अन् मंग त्या बाजेवर लोळीन.”

बोर्ड लागला नाही. त्याऐवजी हेमेंद्र एक दिवस गोडीत आला. म्हणाला, काकू, तोडगा काढला आहे. बिननावाचं एक बाक बायांसाठी वेगळं देतो. सुमित्रानं विचारलं, कुठं? तो म्हणाला, मागच्या बाजूला, सावली आहे, आडोसा आहे. आम्ही जाऊन पाहिलं. नकाशातली ती जागा संडासाच्या भिंतीमागं होती. तिथून तलाव दिसत नव्हता, विजेची डीपी दिसत होती.

“आडोसा चांगला आहे,” सुमित्रा म्हणाली. “समितीची मीटिंग घेत जा इथं.”

ग्रामसभा गांधी जयंतीला होती. नकाशा लोकांना जागेवर समजावा म्हणून सभा पाळीवरच ठेवली, नमुन्याच्या बाकासमोर. पुढं टेबल, टेबलामागं खुर्च्यांवर सरपंच, ग्रामसेवक आणि समिती. गडी बाजूला, कोणी उभे, कोणी रस्त्याच्या कडेवर टेकलेले. बायांसाठी खाली सतरंजी. सुमित्रानं आपली लाल खुर्ची त्या सतरंजीवर मधोमध ठेवली आणि बसली. सगळ्या बायांच्या डोक्यावरून तिचं डोकं.

केशोराव म्हणाला, “वहिनी, मागच्या बायायले दिसत नाही. खाली तरी बसा, नाही तर मागं जा.”

मागून एक म्हातारी बोलली, “आमाले दिसते. तिचंच पाहायले आलो.”

नकाशा वाचून झाला. फवाऱ्यावर थोडी चर्चा झाली, पाणी कुठून आणायचं म्हणून. तलावाच्या काठी बसून फवाऱ्याला पाणी कुठून आणायचं हे विचारत होते. मग बाकांचा विषय आला. हेमेंद्रनं सांगितलं की बाक देणारे तयार आहेत आणि प्रत्येकाच्या स्वर्गवासी वडिलांचं नाव पाठीवर येईल.

सुमित्रा खुर्चीत बसूनच बोलली. “हेमेंद्र, हे बाकं कोणासाठी आहेत?”

“सगळ्यांसाठी, काकू. गडी, बाया, लेकरं.”

“मंग तुह्या बायकोले म्हण, बस.”

“काय?”

“तुह्या बापाचं बाक आहे, तुही बायको आहे. म्हण तिले, पाठ टेकून बस. ती बसली तर मी खुर्ची घेऊन घरी जाईन. पुन्हा आणणार नाही. सभेसमोर सांगून राहिली.”

रुची आजकालची मुलगी. स्कुटी चालवते, नवऱ्याला नावानं हाक मारते, बँकेत स्वतः जाते. ती बसली तर सुमित्राचा तलाव गेला, पुन्हा जांभळाला टेकून उभं राहणं आलं. असा डाव कोणी लावते का? पण बोलून बसली होती.

हेमेंद्रलाही तेच वाटलं असेल. तो हसला. “रुची, बस जाऊन.”

रुची सतरंजीवरून उठली. बाकापाशी गेली. ओढणी सारखी केली. मग ती त्या अक्षरांकडे पाहत राहिली. तिनं तिच्या सासऱ्याला पाहिलेलं आहे, त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांना पेज भरवलेली आहे.

“बस ना,” हेमेंद्र म्हणाला.

रुचीनं वाकून नावाला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि बाकाच्या पायाशी खाली बसली. जमिनीवर. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. तिनं एकदम वर पाहिलं, पण उठून बाकावर बसली नाही.

हेमेंद्र तिच्याकडे पाहत राहिला. मग बाकाकडे. मला माझ्या पोराची दया आली, खोटं कशाला सांगू. त्यानं बापावरच्या मायेनंच केलं होतं ते.

सुमित्रानं मान वळवली. “केशोराव भाऊजी, आता तुमच्या घरच्यायले बोलवा. तुमच्या वडलाचं बाक कुठं येणार आहे?”

केशोरावनं घरच्यांना बोलावलं नाही. टोपी काढून डोकं खाजवलं.

मग बाया बोलू लागल्या. आधी आपसांत, मग मोठ्यानं. एक म्हणाली, नावं फाटकावर लिहा, तिथं कोणी बसत नाही. एक म्हणाली, माझ्या सासऱ्यानं मला जन्मात बसू दिलं नाही, मेल्यावरही त्याच्यासाठी जागा सोडू का. तिचा नवरा तिथंच उभा होता, तो पानठेल्याकडे निघून गेला. ग्रामसेवक म्हणत राहिला, एकेकीनं बोला, एकेकीनं. तोपर्यंत एकेकीनं बोलायची वेळ गेली होती.

असं ठरलं की सगळी नावं फाटकाजवळ एका दगडावर एकत्र लिहायची आणि बाकं कोरी ठेवायची. कोरी बाकं पाण्याच्या कडेनंच बसवायची, संडासामागं नाही. हे ठरल्यावर काही देणाऱ्यांनी अंग काढून घेतलं. नाव पाठीवर नसेल तर बाक नाही म्हणाले. त्यामुळे नकाशात होती तेवढी बाकं आली नाहीत, आणि गावात अजून काही जण म्हणतात, सुमित्रामुळे बाग अर्धी राहिली. राहिली असेल. उरलेल्या अर्ध्या बागेत बाया बसतात. पुऱ्या बागेत बसल्या नसत्या.

हेमेंद्र बरेच दिवस काकूच्या अंगणात आला नाही. मग दिवाळीच्या तोंडावर त्याचा राग उतरला, आणि उतरला तो असा की पुन्हा पंचाईत. त्यानं पेंटर बोलावून पाण्याजवळच्या एका कोऱ्या बाकाच्या पाठीवर लाल रंगात सुमित्राबाई असं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. खाली फुलंही काढली. काकूचा मान करायचा होता त्याला.

दिवाळीला विक्की आला, सोबत त्याची बायको खुशी. सुमित्रा सुनेला तलाव दाखवायला घेऊन गेली, मीही होती. खुशीनं बाकावरचं नाव वाचलं आणि खूप कौतुक केलं. फोटो काढला. मग बसली, पण बाकाच्या अगदी टोकाला, एका मांडीवर, नाव मोकळं सोडून. पाठ टेकवली नाही.

“सरकून बस ना वं,” सुमित्रा म्हणाली.

“बरी आहे मी, आई.”

सुमित्रानं मला विचारलं, “बाई, काय लिहिलं आहे त्याच्यावर?” मी सांगितलं. तिचं नाव मला घेता येतं. तिनं खुशीकडे पाहिलं, ती कशी टोकावर टेकली आहे ते पाहिलं, आणि काही न बोलता घराकडे निघाली. आली ती विळा घेऊन. खुशी घाबरून उठली. सुमित्रानं बाकाला गुडघा टेकवला आणि विळ्याच्या पात्यानं तो रंग खरवडू लागली. हेमेंद्रला कोणीतरी सांगितलं, तो धावत आला.

“काकू, तुहं नाव आहे ते.”

“माहीत आहे. म्हणूनच.”

“अवं तुह्याच मानासाठी लिहिलं.”

“तुह्या बापाच्या मानासाठी लिहिलं तेव्हा मी उठली. आता माह्या मानासाठी माही सून उठंल. तिच्या मानासाठी तिची सून. मंग बसंल कोण?”

हेमेंद्रनं हात पुढं केला. मग म्हणाला, “दे इकडं, हात कापशील.” तिनं विळा दिला नाही. स्वतःच खरवडलं, फुलांसकट. ते बाक आता तिथं जरा खरखरीत झालं आहे, लाल रंगाचे डाग राहिले आहेत. खुशीची ओढणी त्या दिवशी त्याला अडकून थोडी फाटली, कारण ती पाठ टेकून बसली होती.

माझ्या मालकांचं बाक तसंच आहे. त्याची अक्षरं सिमेंटमध्ये ओतलेली, निघण्यासारखी नाहीत, आणि सुमित्रानंही ती काढा म्हणून पुन्हा म्हटलं नाही. त्यावर गडी बसतात. मी नाही बसत. तिच्या कोऱ्या बाकाकडे जायचं तर आम्हाला त्याच्या समोरून जावं लागतं. दुसरा रस्ता आहे, फवाऱ्याकडून, जिथं फवारा अजून आला नाही. पण सुमित्रा त्या रस्त्यानं जात नाही.

रोज दिवस कलला की आम्ही पाळीवर चढतो. त्या बाकाजवळ आलो की ती थांबते, पदर सारखा करते आणि मोठ्यानं खाकरते. बाकावर बसलेले गडी चपापून इकडेतिकडे पाहतात, एखादा उठतोही.

पहिल्यांदा तिनं असं केलं तेव्हा मी विचारलं, “हे काय वं?”

“त्यायले कळलं पायजे,” ती म्हणाली, “मी येऊन राहिली.”

मग ती त्यांच्यासमोरून हळूहळू जाते, आपल्या बाकावर बसते आणि पाठ टेकवते.